आपले रेल्वेकाका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून काढले आहे. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी त्यात घातल्या आहेत.)



मला दहा मिनिटं दिली आहेत. माझ्यानंतर पाककृती स्पर्धेचा निकाल आहे, त्यामुळे कोणाचं लक्ष कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक आहे. तरीही ही दहा मिनिटं मी मागून घेतली. आपल्या सोसायटीची पंचवीस वर्षं साजरी होत असताना ज्या माणसाने त्यांतली जवळजवळ चोवीस वर्षं ही इमारत सांभाळली, तो आज या खुर्च्यांमध्ये नाही. आणि त्या माणसाचं माझ्याकडे एक देणंही राहिलं आहे. ते शेवटी सांगतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना नावाने ओळखणारे आपल्यात फार थोडे. पोस्टमनसुद्धा "रेल्वेवाले काका आहेत का?" असंच विचारायचा. म्हणून मीही आज रेल्वेकाकाच म्हणणार आहे.

नवीन सभासदांसाठी थोडं सांगतो. काका डिप्लोमा झाल्यावर रेल्वेत लागले ते रुळांच्या खात्यात. त्या पदाला तेव्हा पीडब्ल्यूआय म्हणायचे, परमनंट वे इन्स्पेक्टर. साठाव्या वर्षी निवृत्त झाले तेव्हा सीनियर सेक्शन इंजिनीअर होते. लहान मुलांना वाटायचं काका इंजिन चालवायचे. काका म्हणायचे, "इंजिन चालवणारा वेगळा. मी त्याच्या चाकाखालचा माणूस." नोकरी बरीचशी घाटांत गेली. कर्जत, कसारा, इगतपुरी, परत कर्जत. बोरघाट काय आणि थळघाट काय, दोन्हीकडे चढ ३७ला १. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर चढते. कागदावर हा आकडा किरकोळ वाटतो. पण याच चढासाठी गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, आणि उतरताना ब्रेकवर जीव टांगलेला असतो. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये बोगदे, आणि पावसाळ्यात वरून दरड कधी येईल याचा नेम नाही. अशा ठिकाणी रूळ शाबूत ठेवायचे, ही काकांची नोकरी.

या नोकरीचा एक मोठा तोटा काकूंनी मला सांगितला. गाड्या चालू असताना रुळांचं मोठं काम करता येत नाही. त्यासाठी ब्लॉक घ्यावा लागतो, आणि तो बहुधा रविवारी, कारण त्या दिवशी नोकरदारांची गर्दी कमी. आपण सगळे रविवारी मेगाब्लॉकच्या नावाने बोटं मोडतो. काकूंनी पस्तीस वर्षं मोडली. त्यांच्या मुलीला शाळेत 'माझे बाबा' हा निबंध आला होता. तिचं पहिलं वाक्य होतं, "माझे बाबा रविवारी नसतात." बाईंनी खाली लाल शाईने विचारलं होतं, "का?" ती निबंधाची वही काकूंनी अजून जपून ठेवली आहे.

निवृत्तीनंतर रविवार मिळेल असं काकूंना वाटलं होतं. मिळाले चार. पाचव्या रविवारी सकाळी सात वाजता काका एक वही, एक टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन खाली उतरले. त्यांनी मीटर रूम, पंप, जमिनीखालची टाकी, गटाराची झाकणं, पार्किंगमधले खांब असं करत गच्चीपर्यंत सगळं पाहिलं आणि वहीत लिहिलं. त्यानंतर आजारपण सोडलं तर एकही रविवार चुकला नाही. काकू म्हणाल्या, "पस्तीस वर्षं रेल्वेने रविवार नेले. परत मिळाले, तर ते तुमच्या सोसायटीने नेले."

सांगायला वाईट वाटतं, पण सुरुवातीला आपण सगळे हसायचो. हातोडीने खांबावर टकटक करत फिरणारा म्हातारा, दुसरं काय? हातोडी कशासाठी ते मी एकदा विचारलं होतं. काका म्हणाले, "आमचा कीमन रोज आपल्या टप्प्यातला सगळा रूळ पायी चालतो. सैल चावी ठोकतो, बोल्ट आवळतो. नजरेला जे दिसत नाही ते आवाजात कळतं. घट्ट असलं की एक आवाज, सैल असलं की दुसरा. भिंतीचंही तसंच. प्लॅस्टर सुटलेलं असलं की पोकळ वाजतं."

आता २००५ सालच्या २६ जुलैची गोष्ट. तेव्हाचे सभासद मान हलवतायत, त्यांना आठवतंय. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. इथे कल्याणलाही नद्या-नाले कुठून कुठे आले ते आपण पाहिलं. त्या वर्षी जूनमध्ये काकांनी मागच्या कंपाउंडच्या भिंतीवर रंगाने दोन रेघा ओढल्या होत्या, खाली पिवळी, वर लाल. मुलांनी त्यांचे स्टंप केले. आपण समजलो, काकांनीच मुलांसाठी काढल्या असतील. रेल्वेच्या पुलांवर पाण्याची धोक्याची पातळी रंगवलेली असते आणि आजवरचा सगळ्यांत मोठा पूर कुठवर आला होता तेही नोंदलेलं असतं. काकांनी तीच पद्धत आपल्या मागच्या नाल्यासाठी वापरली होती.

त्या दुपारी पाणी पिवळ्या रेघेला लागलं आणि काकांनी तळमजल्याची चारही दारं वाजवली. गॅस सिलिंडर, रेशन कार्ड, शाळेचे दाखले, बँकेची पासबुकं आधी वर न्या. टीव्ही नंतर. लोक म्हणाले, अहो काका, पाणी अजून गेटच्या बाहेर आहे. काका म्हणाले, "लाल रेघेला लागल्यावर मी सांगायला येणार नाही, तेव्हा मला पोहावं लागेल." मग त्यांनी मीटर रूमचे मेन स्विच बंद केले आणि वॉचमनला हाताशी घेऊन पंपाची मोटर नट-बोल्ट काढून सोडवली. दोघांनी ती पहिल्या मजल्याच्या जिन्यात आणून ठेवली. रात्री नऊपर्यंत तळमजल्यावर कमरेइतकं पाणी होतं. लाइट परत आली त्या दिवशी आपल्याकडे नळाला पाणी आलं. आजूबाजूच्या इमारतींच्या मोटारी वाइंडिंगला गेल्या होत्या, आणि वाइंडिंगवाल्याकडे रांग.

हे सगळ्यांना माहीत आहे. माहीत नाही ते पुढचं. त्या संध्याकाळी काकांची मुलगी मुंबईहून निघालेल्या लोकलमध्ये होती. फोन बंद पडलेले. काकू देवापाशी बसल्या होत्या आणि काका खाली दुसऱ्यांचे सिलिंडर उचलत होते. रात्री एक वाजता ते वर आले, ओल्या कपड्यांनीच जिन्यात बसले. काकू चिडून म्हणाल्या, "सगळ्यांची काळजी आहे, पोरीची नाही?" तेव्हा काका म्हणाले, "गाडी थांबली असेल, तर ती सुरक्षित आहे. पुढचा रूळ बघून कोणीतरी ती थांबवलीय. मी ते काम केलंय, मला माहितीय. तो माणूस आत्ता पावसात उभा असेल." मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी पोहोचली. अर्धं अंतर रुळांवरून चालत आली होती. काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा एक गोष्ट वर जोडली. त्या रात्री काका बोलले धीराने, पण झोपले नाहीत. पहाटेपर्यंत जिन्यातच बसून होते.

त्या पावसात उभ्या असलेल्या माणसांपैकी एकाला मी काका गेल्यावर भेटलो. अंत्यदर्शनाला गेटपाशी चार म्हातारे येऊन उभे होते, आपल्यापैकी कोणी ओळखत नव्हतं. ते निवृत्त गँगमन होते, कर्जतच्या बाजूचे. त्यांतल्या एकाने सांगितलेली हकीकत तुमच्यापर्यंत पोहोचवायला हवी.

पावसाळ्यात रात्री पेट्रोलमन दिवा घेऊन आपल्या ठरलेल्या टप्प्यावर ये-जा करत असतो. कुठे दरड आली, रुळाखालची खडी वाहून गेली, तर समोरून येणारी गाडी थांबवायची. लाल दिवा दाखवत पुढे धावायचं, सहाशे मीटरवर रुळावर एक फटाका लावायचा, बाराशे मीटरवर तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. चाकाखाली फटाका फुटला की ड्रायव्हर समजतो. हा माणूस तेव्हा तरुण होता. एका रात्री तो बोगद्यातल्या कोनाड्यात पावसापासून आडोशाला टेकला आणि त्याचा डोळा लागला. नेमके त्याच रात्री साहेब तपासणीला पायी आले. तो म्हणाला, "मला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी माझा दिवा हातात घेतला आणि म्हणाले, चल. उजाडेपर्यंत माझ्याबरोबर चालले. एक शब्द बोलले नाहीत. सकाळी विचारलं, कुठे कुठे पाणी रुळाकडे येत होतं? मी सगळ्या जागा सांगितल्या. म्हणाले, म्हणजे तुला काम येतं. मग झोपलास का? मी सांगितलं, पोरगं तीन दिवस तापाने फणफणलंय, घरी झोप नाही. साहेबांनी आठवडाभर माझी दिवसपाळी लावून घेतली. आणि पोराच्या औषधाला पैसे दिले ते कधी मागितले नाहीत." तो पोरगा त्याला त्या दिवशी मोटारसायकलवरून घेऊन आला होता. स्वतःच पन्नाशीचा होता.

घरातले काकाही असेच होते. काकूंचे गुडघे गेले आणि पुढे हाताला कंप सुरू झाला, तेव्हा काका सत्तरी ओलांडलेले. गोळ्यांचं वेळापत्रक त्यांनी रेल्वेच्या टाइमटेबलसारखं फ्रिजवर लावलं होतं, रकाने आखून. स्वयंपाक शिकले. भाकरी कधीच गोल झाली नाही. त्यावर स्वतःच म्हणायचे, "गेज चुकलंय, पण गाडी जाईल." रोज संध्याकाळी काकूंना लिफ्टने खाली आणायचे आणि कंपाउंडला दोन फेऱ्या. काकूंच्या चालीने चालायचे. एरवी हा माणूस इतका भरभर चालायचा की बरोबर जाणाऱ्याला दम लागायचा.

त्या फेऱ्यांच्या वेळी मुलं त्यांच्याभोवती जमायची. एकदा कोणीतरी विचारलं, काका, रुळांमध्ये फट का असते? काका म्हणाले, लोखंड उन्हात वाढतं. एक किलोमीटर रूळ घ्या, तीस अंशांनी तापला तर साधारण चौतीस सेंटीमीटर लांब होईल. तुमच्या शाळेच्या पट्टीपेक्षा जास्त. म्हणून पूर्वी तुकड्यांमध्ये फट ठेवायचे, आणि गाडी खडखड वाजायची. आता रूळ वेल्डिंग करून सलग जोडतात. यावर आपल्या बी विंगमधली एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मग आता तो वाढतो कुठे?" काका खूश झाले. म्हणाले, "वाढायला बघतो, पण स्लीपर आणि खडी त्याला धरून ठेवतात. खडी कमी पडली तर भर उन्हात रूळ सापासारखा वाकडा होतो. म्हणून खडीकडे बघायचं. रुळाकडे काय, सगळेच बघतात." ती मुलगी आता सिव्हिल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आज स्वागताला दारात उभी होती ती तीच.

आता माझ्याकडे येतो. इमारतीला पंधरा वर्षं झाली त्या वर्षीची वार्षिक सर्वसाधारण सभा. मी तेव्हा खजिनदार होतो. माझ्या डोक्यात होतं लॉबीला मार्बल, नवं गेट आणि बाहेरून रंग. कोटेशनं आणून ठेवली होती. काका उठले आणि म्हणाले, पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असं उपविधीत आहे. ते आधी करू, पार्किंगमधल्या खांबांची आणि बीमची दुरुस्ती करू, रंग नंतर. त्यांनी वही उघडून तारखा वाचायला सुरुवात केली. सभा लांबत चालली होती, लोक कंटाळले होते. मी उभा राहून म्हणालो, "काका, ही तुमची रेल्वे नाही. इथे प्रत्येकाच्या खिशातून पैसे जातात." सगळे हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. काकांनी वही मिटली आणि खाली बसले. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. मार्बल मंजूर झाला.

त्या आठवड्यात काकांनी पार्किंगमधल्या एका बीमच्या भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली आणि तारीख लिहिली. मला वाटलं, म्हातारा हट्टाला पेटलाय. पुलांच्या भेगा अशाच तपासतात. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली. काच तडकली तर भेग चालू आहे. दोन पावसाळे गेले. दुसऱ्या पावसाळ्यात काच तडकली. काकांनी सेक्रेटरींना पत्र दिलं. पत्र फाइलला लागलं. आणि दिवाळीच्या आधी एका पहाटे त्याच बीमचा, दोन माणसांना उचलणार नाही एवढा तुकडा खाली आला. माझ्या स्कूटरवर. आत सळ्या गंजून फुगल्या होत्या. गंज चढला की लोखंड जास्त जागा मागतं, आणि वरचं काँक्रीट ढकलून देतं. स्कूटरचं हॅंडल जमिनीला टेकलं होतं. त्याच जागी संध्याकाळी मुलं लपाछपी खेळायची. माझा मुलगाही त्यात होता.

काका खाली आले. मी मान खाली घालून उभा. मला वाटलं, आता ऐकवणार. काकांनी तुकडा पाहिला, वर पाहिलं, मुलांना तिकडे येऊ देऊ नका म्हणून वॉचमनला दोरी बांधायला सांगितली. मग मला विचारलं, "इन्शुरन्स भरलायस ना?" बस, एवढंच. पुढे ऑडिट झालं, तीन महिने दुरुस्ती चालली, आणि पंचाहत्तरी गाठलेला हा माणूस रोज कंत्राटदाराच्या मागे उन्हात उभा राहिला. त्या सभेतलं माझं वाक्य त्यांनी कधीही काढलं नाही. मीही काढलं नाही. मी त्यांच्याकडे चहा प्यायलो, त्यांच्या हातची ती वाकडी भाकरी खाल्ली, काकूंना दवाखान्यात नेलं-आणलं. पण "काका, चुकलो" हे पाच अक्षरी वाक्य, अहो, सात वर्षांत माझ्या तोंडून निघालं नाही. आधी लाज वाटली, मग वाटलं आता इतके दिवसांनी काय, आणि मग काका गेले.

मंडळी, जे काम नीट झालं की काहीच घडत नाही, त्या कामाची आठवण कोणाला राहत नाही. न झालेल्या अपघाताचा वाढदिवस कोणी करत नाही. काकांनी आयुष्यभर तेच काम केलं, आधी रेल्वेसाठी आणि मग आपल्यासाठी. आणि त्याची किंमत त्यांच्या घराने मोजली, रविवार देऊन. म्हणून सोसायटीतर्फे काकूंचे आणि त्यांच्या मुलीचे आभार मानायचे राहिले आहेत. ते आज मानतो.

काकूंनी गेल्या महिन्यात मला घरी बोलावून काकांच्या सगळ्या वह्या दिल्या. एकूण अठरा आहेत, आजपासून त्या सोसायटीच्या ऑफिसात राहतील. शेवटच्या वहीतली शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे: "गच्ची, पूर्वेकडचा पाइप. पावसाळ्याआधी साफ करून घेणे." ती नोंद कोणी वाचली नाही. यंदा जूनमध्ये तोच पाइप तुंबला आणि वरच्या मजल्यावर हॉलचं छत गळलं, हे आपल्याला माहीत आहे. काका सांगून गेले होते. आपण वही उघडली नाही.

म्हणून कार्यकारिणीशी बोलून एक ठरवलं आहे. एकोणिसावी वही आणली आहे. दर रविवारी सकाळी सात वाजता दोन जण, एक ए विंगचा, एक बी विंगचा, काकांच्याच क्रमाने फेरी मारतील आणि लिहितील. यादी नोटीस बोर्डवर लागेल. पहिल्या रविवारी माझं नाव आहे, आणि बरोबर आपली सिव्हिल इंजिनीअर. हातोडी काकूंनी दिली आहे.

शेवटी सेक्रेटरींना एक विनंती. आजचा कार्यक्रम ही काही सर्वसाधारण सभा नाही, मला माहितीय. तरीही पुढच्या सभेच्या इतिवृत्तात एक ओळ घाला. काका इतिवृत्त फार बारकाईने वाचायचे, म्हणून म्हणतो. दहा वर्षांपूर्वीच्या सभेत तत्कालीन खजिनदारांनी काढलेले उद्गार चुकीचे होते, आणि ते त्यांनी सर्वांसमक्ष मागे घेतले आहेत.

काकू, उशीर झाला. माफ करा.